वनस्पतिपेशी आणि मानवी पेशी

वनस्पती आणि माणूस यांच्या शरीरांचे मूलभूत घटक. वनस्पती पेशींच्या बनलेल्या असतात, हे माथियास श्लायडेन यांनी १८३८ मध्ये मांडले. थिओडोर श्वान यांनी १८३९ मध्ये तोच सिद्धांत प्राण्यांना लागू केला. दोन्ही प्रकारच्या पेशींत सामान्यतः केंद्रक, तंतुकणिका, आंतर्द्रव्यजालिका, गॉल्जी पिंड व रायबोसोम असतात. महत्त्वाचे फरक पुढीलप्रमाणे :

पेशीभित्तिका : वनस्पतिपेशीत प्रद्रव्यपटलाबाहेर मुख्यतः सेल्युलोजची ताठ भित्तिका असते, मानवी पेशीत ती नसते. कांद्याचा पातळ पापुद्रा आयोडीनने रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यास लांबट, कोनदार पेशी विटांसारख्या रचलेल्या दिसतात. गालाच्या आतील अस्तराच्या पेशी मेथिलीन ब्लूने रंगवल्यास पातळ, अनियमित आकाराच्या आणि कडांना दुमडलेल्या दिसतात. शुद्ध पाण्यात ठेवलेली तांबडी रक्तपेशी पाणी शोषून फुगते व फुटते. वनस्पतिपेशीला मात्र भित्तिका फुटू देत नाही.

रिक्तिका : प्रौढ वनस्पतिपेशीत एकच मोठी रिक्तिका बहुतेक जागा व्यापते आणि केंद्रक कडेला सरकते. रिक्तिकेतील पाण्याच्या दाबामुळे कोवळी पाने व देठ ताठ राहतात. हा दाब घटला की कोथिंबिरीची जुडी मलूल पडते. पाण्यात उभी ठेवल्यास बऱ्याचदा पुन्हा टवटवीत होते.

ऊर्जा व साठा : हिरव्या भागांतील पेशी हरितलवकांत प्रकाशसंश्लेषणाने शर्करा तयार करतात. मुळांच्या पेशींत सहसा हरितलवके नसतात; त्या पानांकडून आलेल्या शर्करेवर जगतात. तंतुकणिका मात्र दोन्हीकडे लागतात, कारण अन्नातील ऊर्जा मोकळी करण्याचे काम वनस्पतीतही रात्रंदिवस चालते. जादा ग्लुकोज वनस्पती स्टार्चच्या, तर माणूस ग्लायकोजेनच्या रूपात साठवतो.

विभाजन : मानवी पेशी मध्यभागी आवळत जाऊन दुभंगते. वनस्पतिपेशीत ताठ भित्तिकेमुळे हे शक्य नसते. तेथे मध्यभागी नवी पट्टी तयार होऊन कडांपर्यंत वाढते. सपुष्प वनस्पतींच्या पेशींत तारककेंद्रे नसतात.

पुनर्निर्मिती : अनेक वनस्पतींच्या शरीरपेशी योग्य पोषणद्रव्ये व संप्रेरके मिळाल्यास संपूर्ण रोप घडवू शकतात. एफ. सी. स्टुअर्ड यांनी १९५८ मध्ये गाजराच्या पेशींपासून रोपे वाढवून हे दाखवले. प्रौढ मानवी शरीरपेशीत अशी क्षमता आपोआप येत नाही. वनस्पतींच्या याच गुणावर ऊतिसंवर्धन आधारलेले असून जळगाव जिल्ह्यातील केळीबागांत त्या तंत्राने तयार केलेली रोपे मोठ्या प्रमाणावर लावली जातात.