गवताच्या भिंती

अमेरिकेतील नेब्रास्का राज्याच्या पश्चिम भागात बेयर्ड नावाचे एक लहान गाव आहे. त्या गावाजवळ १८८६-८७ च्या सुमारास एका खोलीची शाळा बांधण्यात आली. तिच्या भिंती दगडाच्या नव्हत्या, विटांच्या नव्हत्या आणि लाकडाच्याही नव्हत्या. कापूस दाबून जशा गासड्या बांधतात, तशा वाळलेल्या गवताच्या गासड्या बांधून त्यांच्या या भिंती रचलेल्या होत्या. भिंतींना गिलावा नव्हता आणि शाळेभोवती कुंपणही नव्हते. मग व्हायचे तेच झाले. १९०२ साली या शाळेविषयी जी हकीकत सांगण्यात आली ती एवढीच, की गाईंनी शाळा खाऊन टाकली!

ही हकीकत ऐकून कोणालाही हसू येईल. परंतु ज्या लोकांवर आपली मुले गवताच्या खोलीत बसविण्याची पाळी आली, त्यांची परिस्थिती हसण्यासारखी नव्हती.

नेब्रास्काच्या उत्तर व पश्चिम भागात ‘सँडहिल्स’ म्हणजे वाळूच्या टेकड्यांचा प्रदेश सुमारे १९ हजार चौरस मैल पसरलेला आहे. वाऱ्याने साठविलेल्या वाळूवर गवताचे पातळ पांघरूण पडून या टेकड्या स्थिर झाल्या आहेत. झाडे अत्यंत विरळ, वारा अखंड आणि हिवाळा कमालीचा कडक. १२ जानेवारी १८८८ रोजी या मैदानांवर जे हिमवादळ कोसळले, त्यात दोनशेहून अधिक माणसे दगावली. शाळेतून घरी निघालेली कितीतरी मुले त्यांत होती, म्हणून ते वादळ आजही शाळकरी मुलांच्या नावाने ओळखले जाते. बेयर्डच्या शेजारच्या ब्रिजपोर्ट येथे १२ फेब्रुवारी १८९९ रोजी पारा शून्याखाली ४७ अंश फॅरनहाइट इतका उतरला. अशा हवेत भिंत कशाची आहे, हा प्रश्न जीवनमरणाचा होता.

मुळात हा मुलुख लाकोटा, शायेन, पॉनी इत्यादी जमातींचा शिकारीचा प्रदेश. त्यांना तेथून हुसकावून लावल्यानंतर सरकारने ती जमीन वसाहतीसाठी वाटावयास काढली. १८६२ च्या कायद्याने प्रत्येक अर्जदारास १६० एकर जमीन मिळे. अट एकच होती, की पाच वर्षे तेथे राहून ती कसून दाखविली पाहिजे. वाळूच्या प्रदेशात १६० एकरांवर एका कुटुंबाचे पोट भरणे अशक्य होते, म्हणून मोझेस किंकेड या प्रतिनिधीच्या पुढाकाराने १९०४ साली नवा कायदा झाला व पश्चिम नेब्रास्कात ६४० एकर जमीन मिळू लागली. मात्र पाच वर्षांत दर एकरी सव्वा डॉलरची सुधारणा करून दाखविण्याचे बंधन त्यात होते. कायद्याने जमीन दिली. परंतु तेथे राहून दाखवावयाचे तर घर हवे, आणि घराला लागणारे साहित्य त्या जमिनीवर नव्हते.

लाकूड दूरच्या रेल्वे स्टेशनवरून गाडीत घालून आणावे लागे व त्याची किंमत गरिबाच्या आवाक्याबाहेरची होती. राज्याच्या इतर भागांतील वसाहतवाल्यांनी यावर एक तोड काढली होती. गवताच्या मुळ्यांनी घट्ट झालेली जमिनीची साल नांगराने कापून तिच्या तुकड्यांची ते घरे बांधीत. वाळूच्या टेकड्यांत ही युक्ति चालेना. तेथील माती इतकी भुसभुशीत की तुकडा उचलताच मोडे. शिवाय गवताचे पांघरूण एकदा फाटले की त्या जागी वारा शिरून वाळू उडू लागे आणि कुरणात मोठाले खळगे पडत.

तेथे मुबलक होते ते गवतच. टेकड्यांमधल्या सखल भागात जमिनीखालचे पाणी वर येते, आणि अशा ओलसर कुरणांत उत्तम गवत वाढते. ते दाबून गासड्या बांधण्याची यंत्रे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शेतकऱ्यांच्या हाती आली होती. घाण्याच्या बैलाप्रमाणे घोडा गोल फिरे, त्याच्या जोराने पेटीतील गवत दाबले जाई आणि मग ते तारेने आवळीत. तीन-चार फूट लांब व दीड-दोन फूट रुंद अशी ती गासडी एखाद्या अवाढव्य विटेसारखी दिसे. ज्यांच्यापाशी विटा नव्हत्या, त्यांनी तिलाच वीट मानले यात नवल ते काय?

बांधण्याची रीत सोपी होती. विटांप्रमाणेच सांधा चुकवून गासड्यांचे थर एकावर एक रचीत. थर हलू नयेत म्हणून त्यांतून लाकडी मेखा किंवा लोखंडी सळ्या ठोकीत. भिंतीच्या माथ्यावर लाकडी पाट बसवून त्यावर छप्पर चढवीत. छप्पर पुष्कळदा चौपाखी असे, कारण त्यामुळे भार चारही भिंतींवर सारखा वाटला जातो. आत खांब नसत. छपराचे सारे ओझे गवतच पेली. त्या ओझ्याने भिंत काही महिने हळूहळू खाली बसे. ती पुरती बसल्यावर गिलावा करावयाचा, नाहीतर त्याला तडे जात.

आरंभी ही घरे तात्पुरती समजली जात. हातात पैसा आला की लाकडाचे ‘खरे’ घर बांधू, असा कित्येकांचा बेत असे. परंतु एकदोन हिवाळे गेल्यावर त्यांच्या लक्षात आले, की लाकडाच्या पातळ भिंतीपेक्षा ही भिंत अधिक ऊबदार आहे. वाळलेल्या काड्यांत आणि त्यांच्यामधल्या बारीक पोकळ्यांत हवा अडकून राहते, आणि अडकलेली हवा उष्णतेला सहज वाट देत नाही. दोन फूट जाडीच्या अशा भिंतीआड चुलीची ऊब टिकून राही, उन्हाळ्यात गारवा राही आणि वाऱ्याचा घोंगावही आत ऐकू येत नसे. तेव्हा तात्पुरत्या घरांना लोकांनी आतून-बाहेरून चिखलाचा, चुन्याचा किंवा सिमेंटचा गिलावा केला आणि ते त्यांतच कायमचे राहिले.

या गिलाव्यातच साऱ्या विद्येचे मर्म होते. त्याने गाईंची व उंदरांची वाट बंद झाली, आणि आगीचे भयही पुष्कळ कमी झाले. कारण मोकळे गवत भडकते, पण दाबून लिंपलेल्या गवताला जळण्यापुरती हवा मिळत नाही. खरा शत्रू राहिला तो पाणी. गवत ओले राहिले की कुजते. म्हणून घराला उंच जोते आणि बाहेर आलेली वळचण हवी. या दोन गोष्टी ज्याने सांभाळल्या, त्याचे घर टिकले.

याचा पुरावा आर्थर गावी आजही पाहावयास मिळतो. तेथील पिलग्रिम होलिनेस पंथाच्या लोकांनी १९२८ साली राय धान्याच्या पेंढ्याच्या गासड्यांचे प्रार्थनामंदिर बांधले. भिंती सुमारे दोन फूट जाड असून त्यांना गिलावा केलेला आहे. १९७९ साली या इमारतीची अमेरिकेच्या ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय यादीत नोंद झाली. अलायन्सजवळचे १९०३ सालचे एक घर तर कित्येक वर्षे ओसाड पडूनही उभे राहिले.

किंकेड कायद्याखाली आलेल्या बहुतेकांचे मात्र या भूमीवर बस्तान बसले नाही. नांगरलेली वाळू वाऱ्याने उडाली, पिके बुडाली आणि जमिनी मोठ्या पशुपालकांकडे गेल्या. पुढे रेल्वेने व मोटारीने लाकूड-सिमेंट दारात येऊ लागले, तशी गवताची घरे बांधण्याची चाल बंद पडली. लोकसंस्कृतीचे अभ्यासक रॉजर वेल्श यांनी या घरांचा शोध घेतला. १८९६ ते १९४५ या काळातील सुमारे सत्तर इमारतींची नोंद झाली आहे. त्यांत घरे, शाळा, प्रार्थनामंदिरे व दुकानेही होती. १९७३ साली ‘शेल्टर’ या ग्रंथात वेल्श यांचा या विषयावरील लेख आला आणि तो वाचून नव्या पिढीतील बांधणाऱ्यांचे लक्ष या विस्मृत कलेकडे वळले. फ्रान्समध्येही पहिल्या महायुद्धानंतर एमिल फयेत या इंजिनिअराने १९२० साली मोंतार्जी येथे लाकडी सांगाड्यात पेंढा भरून घर उभारले होते. तेही आज उभे आहे. अमेरिकेतील बहुतेक राज्ये ज्या नमुना नियमावलीच्या आधारे घरबांधणीला परवानगी देतात, तिच्या २०१५ च्या आवृत्तीत पेंढ्याच्या भिंतींसाठी स्वतंत्र परिशिष्ट जोडण्यात आले.

बेयर्डची शाळा पंधरा वर्षांत गाईंच्या पोटात गेली आणि आर्थरचे मंदिर शंभरीच्या घरात पोचले. दोन्हींच्या भिंती वाळलेल्या काडीच्याच. पहिल्या बांधणाऱ्यांनी निभावण्यापुरते बांधले होते. दुसऱ्यांनी मधल्या चाळीस वर्षांचा अनुभव गाठीशी घेऊन, राहण्यासाठी बांधले. त्या अनुभवाची किंमत कोणकोणत्या कुटुंबांनी कोणत्या हिवाळ्यात मोजली, त्याची नोंद फारशी उरलेली नाही. उरल्या आहेत त्या त्यांनी लिंपलेल्या भिंती.