निळ्या पानांवरील दोन अक्षरें

जर्मनींतील कासेल या नगरांत इ. स. २००८ सालीं छायाचित्रग्रंथांचा एक उत्सव सुरू झाला. ग्रंथांचे उत्सव जगास नवे नाहींत. परंतु या उत्सवाचा विशेष असा कीं, तेथें ग्रंथाइतकाच तो घडविणाराही मानकरी ठरला. प्रकाशक न लाभलेल्या, कर्त्यानें स्वहस्तें जुळविलेल्या नमुना-प्रतींसाठींही तेथें पारितोषिक ठेवण्यांत आलें. हा मान किती उशिरां मिळाला, हें ध्यानांत येण्यासाठीं या ग्रंथप्रकाराच्या उगमापर्यंत मागें जावें लागतें. कारण छायाचित्रांचा पहिला ग्रंथ ज्या बाईंनीं घडविला, त्यांचें पूर्ण नांवही त्या ग्रंथावर नव्हतें.

अ‍ॅना अ‍ॅटकिन्स यांचा जन्म १७९९ सालीं इंग्लंडच्या केंट परगण्यांत टनब्रिज येथें झाला. आईचें छत्र बाल्यांतच हरपलें. वडील जॉन जॉर्ज चिल्ड्रेन हे सृष्टिशास्त्राचे व्यासंगी, ब्रिटिश म्यूझियममधील अधिकारी आणि कांहीं काळ रॉयल सोसायटीचे चिटणीस होते. त्यांनीं आपल्या एकुलत्या एका कन्येस शास्त्राभ्यासांत बरोबरीनें वागविलें. लामार्क या फ्रेंच पंडिताच्या शिंपल्यांवरील ग्रंथाचें त्यांनीं भाषांतर केलें, तेव्हां त्यासाठीं दोनशेंहून अधिक रेखाटनें कन्येनेंच काढलीं. १८३९ सालीं लंडनच्या वनस्पतिशास्त्र-मंडळानें बाईंना सभासद करून घेतलें. रॉयल सोसायटीनें मात्र स्त्रियांस सभासदत्व दिलें तें थेट १९४५ सालीं.

१८४१ सालीं विल्यम हार्वे यांचा ब्रिटिश समुद्रशेवाळांवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यांत वर्णनें होतीं, चित्रें नव्हतीं. शेवाळाचे नाजूक तंतु हुबेहूब रेखाटणें कुशल हातासही अवघडच. पुढल्याच वर्षीं चिल्ड्रेन यांचे स्नेही, ज्योतिषी सर जॉन हर्शेल यांनीं नीलचित्रणाची रीति शोधून काढली. लोहयुक्त अशा दोन क्षारांचें मिश्रण कागदास अंधाऱ्या जागीं लावावयाचें. कागद वाळला म्हणजे त्यावर वनस्पति ठेवून वरून कांच दाबावयाची आणि तो उन्हांत मांडावयाचा. मग साध्या पाण्यानें धुतला कीं, जेथें ऊन लागलें तेथें गर्द निळा रंग उमटे, आणि जेथें वनस्पतीची छाया पडली तेथें कागद पांढरा राही. कॅमेऱ्याची गरज नाहीं, भिंगाचीही नाहीं. पुढें इंजिनियरांच्या कचेऱ्यांतून नकाशांच्या निळ्या नकला निघूं लागल्या, त्याही याच रीतीनें.

बाईंनीं हें साधन हातीं धरलें आणि ऑक्टोबर १८४३ मध्यें समुद्रशेवाळांवरील आपल्या ग्रंथाचा पहिला भाग सिद्ध केला. शेवटचा भाग पुरा व्हावयास १८५३ साल उजाडलें. दहा वर्षांत सुमारें ४०० पानें झालीं. खिळे जुळविण्याचें कामच नव्हतें. बाईंच्या हस्ताक्षरांतील मजकूरही चित्रांप्रमाणेंच उन्हानें उमटविलेला. छापखान्यांत एकदां फर्मा चढला कीं शेंकडों प्रती निघतात. येथें प्रत्येक प्रतीचें प्रत्येक पान निराळें उन्हांत ठेवावें व निराळें धुवावें लागे. अशीं हजारों पानें तयार झालीं. १८५२ सालीं वडील वारले. पुढें बाईंनीं बालमैत्रीण अ‍ॅन डिक्सन यांच्या सोबतीनें नेच्यांचींही नीलचित्रें केलीं.

तरीही पुष्कळ काळ पहिलेपणाचा मान हेन्री फॉक्स टॅलबट यांच्या ग्रंथास दिला जात असे. त्यांचा पहिला भाग जून १८४४ मध्यें निघाला, म्हणजे बाईंच्या मागून आठ महिन्यांनीं. न्यायानें पाहतां दोहोंचें स्थान निराळें आहे. टॅलबट यांचा ग्रंथ बाजारांत विक्रीस आला, आणि त्या प्रकारांत तो पहिला खरा. बाईंचा ग्रंथ मित्रांस व विद्वत्संस्थांस भेट म्हणून गेला. म्हणून त्याचा बोभाटा झाला नाहीं.

शिवाय प्रस्तावनेखालीं सही होती ती केवळ ‘ए. ए.’ अशी. १८७१ सालीं बाई निवर्तल्या. त्यानंतर सुमारें अठरा वर्षांनीं विल्यम लँग या स्कॉटिश संग्राहकाच्या हातीं एक प्रत आली. त्यानें त्या अक्षरांचा अर्थ ‘अनामिक हौशी’ असा लावला. इंग्रजींत या दोन्ही शब्दांचें आद्याक्षर ‘ए’च आहे. पुढें त्यास खरें नांव कळलें, तरी जगास तें परिचित व्हावयास आणखी कित्येक दशकें लोटलीं. १९८५ सालीं लॅरी शाफ या संशोधकानें बाईंच्या कार्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. २०१८ सालीं न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयानें प्रदर्शन भरविलें. बाईंनीं हर्शेल यांस दिलेली प्रत याच ग्रंथालयाच्या संग्रहीं आहे.

टॅलबट यांच्या ग्रंथाच्या कित्येक प्रतींतील चित्रें काळानें फिकट झालीं. बाईंचा निळा रंग बहुतांशीं तसाच गडद राहिला. कासेलसारख्या उत्सवांत आज ग्रंथासमवेत त्याच्या कर्त्याचेंही नांव पुकारलें जातें. तें पुकारतांना या पहिल्या ग्रंथकर्तीचें स्मरण ठेवणें उचित होय. त्या दोन अक्षरांच्या जागीं आतां पूर्ण नांव लिहितां येतें: अ‍ॅना अ‍ॅटकिन्स.