पिवळा गुलमोहर नव्हे, हा सोनमोहर



उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर पट्ट्यात रस्त्याकडेला पिवळ्या फुलांचं एक मोठं झाड दिसतं. कोणी त्याला बहावा म्हणतं, कोणी पिवळा गुलमोहर. हा सोनमोहर. शास्त्रीय नाव पेल्टोफोरम टेरोकार्पम.

बहाव्याचे घोस खाली लोंबतात, सोनमोहराचे तुरे वर उभे असतात आणि कळ्यांवर गंजासारखी तांबूस लव असते. पक्की खूण शेंगेची. बहाव्याची शेंग हातभर लांब, काळी, नळीसारखी. सोनमोहराची दोन ते चार इंच, चपटी, तांब्याच्या रंगाची.

बहावा आपल्याच रानातला, सोनमोहर मात्र लांबचा पाहुणा. त्याचं मूळ श्रीलंका, मलाया, इंडोनेशियापासून ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकापर्यंत. १८२५ मध्ये द कांदोल या स्विस शास्त्रज्ञाने त्याला 'इंगा' या गटात टाकलं. आपली विलायती चिंचही तेव्हा त्यातच धरत. म्हणजे जाणकारांनाही हे झाड लगेच उमगलं नव्हतं! पुढे गट बदलला, पण त्यांनी दिलेलं 'टेरोकार्पम' टिकलं. अर्थ, पंखवाली शेंग. नावसुद्धा शेंगेवरूनच.

जावा बेटावर याच्या सालीतून बाटिक कापडाचा तपकिरी रंग काढत. कॉफी-कोकोच्या मळ्यांत ते सावलीला लावत. भारतात ते बागांत आणि रस्त्याकडेला रुजलं, कारण झपाट्याने वाढतं आणि सावली दाट देतं.

उल्हासनगर तरी कुठे जुनं? महायुद्धात इथे लष्कराचा कल्याण कॅम्प होता. फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले आणि ८ ऑगस्ट १९४९ ला गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींनी उल्हासनगर हे नाव दिलं. नव्या वसाहतीला लवकर सावली धरणारी झाडंच लागतात.

आता कामाचं. बहाव्याच्या शेंगेतला गर आयुर्वेदात रेचक म्हणून वापरतात. सोनमोहराच्या शेंगेत तसा गर नसतो. तेव्हा नुसतं पिवळं फूल बघून औषधाला शेंगा गोळा करू नका. रोपवाटिकेत फूल किंवा शेंग दिसणार नाही, तिथे पान बघा. गुलमोहरासारखं बारीक पान असेल तर सोनमोहर, बोटभर लांब रुंद पानं असतील तर बहावा. सोनमोहराच्या फांद्या वादळात मोडतात, म्हणून घर, गोठा आणि विजेच्या तारा यांपासून लांब लावा. बांधाला आटोपशीर झाड हवं असेल तर आपला बहावाच बरा.