खुर्चीची किंमत कुठे ठरते?

मंडळी, मुंबई-पुण्याच्या इराणी हॉटेलात बसून ज्यांनी बनमस्का खाल्ला आहे, त्यांना आमचा आजचा विषय ओळखीचा आहे. वाकवलेल्या लाकडाची, गोल बैठकीची ती काळपट खुर्ची आठवा. तिचं घराणं व्हिएन्नाचं.

मिखाएल टोनेट हा ऱ्हाइनकाठच्या बोपार्ड गावचा सुतार, जन्म १७९६ चा. त्या काळी खुर्ची करायची म्हणजे लाकूड कापा, कोरा, खाचा पाडा, सरस लावून सांधे बसवा. गोलाई हवी तर जाड फळीतून ती कापून काढायची. निम्मं लाकूड भुशात जायचं. खुर्ची स्वस्त करायची तर कोणता मार्ग उरतो? हलकं लाकूड वापरा, नाहीतर कारागिराची मजुरी कापा. आजही बरेच लोक तिथूनच सुरुवात करतात.

टोनेटनं प्रश्न एक पायरी मागे नेला. गोलाई कापायचीच कशाला, लाकूडच वाकवलं तर? आधी त्यानं पातळ पट्ट्या सरसानं चिकटवून वाकवल्या. पण दमट हवेत सरस सुटतो. मग तो अखंड लाकडाकडे वळला. बीचच्या लाकडाचे दांडे वाफेवर मऊ करायचे आणि साच्यावर वाकवायचे. वाकताना बाहेरच्या अंगाचे तंतू ताणले जाऊन फाटतात, म्हणून त्या अंगाला लोखंडी पट्टी घट्ट बांधायची. मग ताण पट्टी घेते आणि लाकूड नुसतं आत दाबलं जातं. १८५६ साली याचं पेटंट मिळालं.

१८५९ साली १४ क्रमांकाची खुर्ची आली आणि सुधारत सुधारत ती सहा भागांवर उतरली. मागचे दोन पाय आणि पाठ मिळून एकच दांडा, पाठीतली आतली कमान, बैठकीचं कडं, पुढचे दोन पाय, पायांना धरणारं कडं. झाले सहा! सरसाऐवजी स्क्रू. म्हणजे ती सुटी करून पाठवता येते. एक घनमीटरच्या पेटीत ३६ खुर्च्या मावत. जहाजाचं भाडं लागतं ते जागेचं; ते भाडंसुद्धा खुर्चीच्या आकारातच वाचलं. बैठक विणलेल्या वेताची : हलकी, आणि हॉटेलात चहा सांडला तरी खाली गळून जाणारी.

इथवर सगळं छानच आहे. पण आम्ही तत्त्वज्ञानाची माणसं, आम्हाला पुढचं विचारावं लागतं. कारखाना उभा राहिला मोराव्हियात, कोरिचानीला, बीचच्या जंगलाशेजारी. तिथे मुरलेले सुतार लागत नव्हते. आसपासच्या खेड्यांतल्या माणसांना एकेक काम शिकवलं की भागे. गाठ कुठे आहे, रंधा कसा फिरवायचा, हे पूर्वी सुतार स्वतः ठरवी. आता ते आराखड्यानं आधीच ठरवून टाकलं होतं. खेड्यातल्या माणसाला काम मिळालं, गरिबाच्या घरी चांगली खुर्ची आली, आणि सुताराच्या हातातला निर्णय गेला. या तिन्ही गोष्टी एकाच रेखाटनातून आल्या.

म्हणून आमचं म्हणणं एवढंच. वस्तू महाग पडते तेव्हा कारखान्यातल्या मजुराकडे बोट दाखवण्याआधी तिचा आराखडा मागवून पाहा. मजुराच्या वाट्याला येईपर्यंत ठरवण्याजोगं फार थोडं उरलेलं असतं. आणि आराखडा ठरत असताना त्या मजुराला कुणी काही विचारलं होतं का, तेही विचारा.