‘वाडा’ या शब्दाचा इतिहास

विहाराच्या वर्धापनदिनाच्या या स्मरणिकेत आम्ही एका लहान शब्दाचा इतिहास मांडत आहोत. आम्ही गिरणीतली माणसं, भाषेचे पंडित नव्हेत. पण ज्या शब्दानं आपल्या बापजाद्यांना गावकुसाबाहेर डांबून ठेवलं, तो आला कुठून हे विचारायचा हक्क आपला आहे.

पालीत ‘वाट’ म्हणजे कुंपण घातलेली जागा. (आपण चालतो ती वाट निराळी, तिचं मूळ संस्कृत ‘वर्त्मन्’.) दीघनिकायातल्या कूटदन्त सुत्तात हा शब्द भेटतो. मगधातल्या खाणुमत गावचा कूटदन्त ब्राह्मण यज्ञासाठी बैल, गोऱ्हे, कालवडी, बोकड, मेंढे प्रत्येकी सातशे आणवतो. त्या यज्ञाच्या जागेला ‘यञ्ञवाट’ म्हटलं आहे. तथागतांचा उपदेश ऐकून तो सगळी जनावरं सोडून देतो आणि दुसऱ्या दिवशी त्याच यञ्ञवाटात भिक्खुसंघाला जेवू घालतो.

हाच शब्द धम्माबरोबर पूर्वेला गेला, असं जाणकार सांगतात. थायलंड, लाओस, कंबोडियात ‘वाट’ म्हणजे विहार. बँकॉकचा वाट अरुण आहे, कंबोडियाचं अंगकोर वाट आहे. अंगकोरचं मंदिर बाराव्या शतकात राजा सूर्यवर्मन दुसरा यानं विष्णूसाठी बांधलं, पुढं ते बौद्धांचं झालं. आज कंबोडियाच्या राष्ट्रध्वजावर त्याचं चित्र आहे.

आणि इकडं काय झालं? बंगालीत ‘बाडी’ म्हणजे घर. तेलुगूत ‘वाड’ म्हणजे वस्ती. कोकणात वाडी ही नारळी-पोफळीची बागही असते. मराठीत मात्र वाडा दोन तोंडांनी बोलू लागला. पाटलाचा वाडा म्हटलं की दगडी चिरे नि दिंडी दरवाजा. पेशव्यांचा शनिवारवाडा १७३२ साली पुरा झाला. त्याच पेशवाईत पुण्यात अस्पृश्याला गळ्यात मडकं अडकवून फिरावं लागे, हे बाबासाहेबांनी १९३६ साली छापलेल्या ‘जातिनिर्मूलना’च्या भाषणात नोंदवलं आहे. आणि गावाबाहेर महारवाडा, मांगवाडा. शब्द एकच. पण कुंपण एकाला राखायला, दुसऱ्याला अडवायला!

१४ ऑक्टोबर १९५६ नंतर आपल्या लोकांनी वस्त्यांची नावं स्वतःच बदलायला घेतली. कोकणात गावोगाव बौद्धवाडी झाली. सरकारला मात्र जाग यायला डिसेंबर २०२० उजाडला. तेव्हा मंत्रिमंडळानं वस्त्यांची जातिवाचक नावं काढून समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर अशी नावं देण्याचा निर्णय घेतला. चौसष्ट वर्षं!

आता काही तरुण म्हणतात, ‘वाडा’, ‘वाडी’ हे शब्दसुद्धा नकोत. त्यांचा राग आम्हाला कळतो, पण मत पटत नाही. डाग जातीच्या नावाचा, वाड्याचा नव्हे. बौद्धवाडीत आज जो विहार उभा आहे, त्याला थायलंडचा माणूस ‘वाट’च म्हणेल.