गालिचा-धुलाई (सातारा-सांगली)

गालिचा-धुलाई : जमिनीवर अंथरायच्या लोकरी, सुती वा कृत्रिम धाग्याच्या कापडातली धूळ, तेलकटपणा व डाग काढण्याचा व्यवसाय. सातारा-सांगलीकडे गालिचा वाड्या-बंगल्यांतला. घरोघरी पसरतात ती सतरंजी, जाजम आणि घोंगडे. त्यामुळे इथल्या धुलाईची गोष्ट घोंगड्यापासूनच सांगायला हवी.

माण, खटाव, आटपाडी, जत या दुष्काळी पट्ट्यात मेंढरे धनगरांची आणि माग सणगरांचे. दख्खनी मेंढीची काळी, खरबरीत लोकर विणताना ताण्याला चिंचोक्याची खळ देतात. धुतल्यावर खळ उतरते नि घोंगडे ढिले पडते, म्हणून ते उन्हात टाकून काठीने झोडपायचे, पाणी क्वचितच. यात पाण्याच्या टंचाईइतकेच शहाणपणही आहे. धूळ कोरडी असतानाच निघते. भिजली की चिखल होऊन बुडाशी बसते. शिवाय लोकरीच्या तंतूवर बारीक खवले असतात. गरम पाणी आणि चोळणे एकत्र आले की ते एकमेकांत अडकतात, कापड आटते. लोकर दाबून केलेला बुरणूस याच गुणावर तयार होतो. धुताना मात्र तोच गुण नडतो. धुण्याचा सोडा लोकर खातो, रिठा तिला मानवतो.

यंत्रांनीही आधी कोरडी धूळच धरली. अमेरिकेत 1876 मध्ये मेल्विल बिसेलने फिरत्या ब्रशच्या झाडणीचे पेटंट घेतले. इंग्लंडमध्ये 1901 साली ह्यूबर्ट सेसिल बूथने धूळ ओढणारा पंप काढला. तो घोडागाडीवरून दारात येई आणि खिडकीतून नळ्या आत सोडत. पुढे शांपू व गोल ब्रशची यंत्रे आली, नंतर गरम पाणी दाबाने सोडून लगेच ओढून घेणारी. जाहिरातीत या पद्धतीला वाफेची धुलाई म्हणतात. बहुधा ते नुसते गरम पाणीच असते. नायलॉनला ही पद्धत छान, घोंगड्यावर तिचा प्रयोग करू नये.

महापुरात मात्र कोरड्याचा नियम उलटतो. 2005, 2019 आणि 2021 मध्ये कृष्णेचे पाणी सांगलीत घरांत शिरले. अशा वेळी गाळ वाळायची वाट न पाहता, ओला असतानाच स्वच्छ पाण्याने वाहवून काढावा लागतो. वाळला तर तंतूंत घट्ट बसतो. पुराच्या पाण्यात मैलाही मिसळलेला असतो, म्हणून जंतुनाशक हवे, आणि गालिच्याखालचा फोम सरळ टाकून द्यावा. दोन दिवसांत सुकले नाही तर बुरशी धरते. पाठीला रबरी लेप असलेला गालिचा फार वेळ भिजत ठेवल्यास लेप सुटतो. त्यावर धुलाईवाल्याकडे इलाज नसतो.