एक भाकरी जादाची

आमच्या पणजीला तिचं जन्मवर्ष ठाऊक नव्हतं. विचारलं की हात गुडघ्याएवढा धरून म्हणायची, "मोठ्या दुष्काळात मी एवढी व्हते." मोठा दुष्काळ म्हणजे १८९९-१९०० चा. नगर जिल्ह्यात तेव्हा माणसं गावं सोडून चालत सुटली होती. ती मिशनच्या बोर्डिंगात कशी आली, याच्या आमच्या घरात दोन कहाण्या आहेत. आजी सांगायची, मामानं बैलगाडीतून आणून सोडलं. चुलत आजोबा म्हणायचे, कुठली गाडी नि कुठला मामा, पोर एकटीच चालत आली. पणजी दोन्हींना मान डोलवायची. तिला पक्कं आठवायचं ते एकच, तिथं मिळालेल्या जोंधळ्याच्या कण्या आणि वरचं ताक. म्हातारपणीही कण्या केल्या की पहिला घास ती डोळे मिटून खायची.

हे मिशन म्हणजे अमेरिकन मराठी मिशन, नगरात १८३१ साली आलेलं. पण पणजीच्या तोंडी साहेबांची नावं फारशी नसत. असत ती टिळकांची पदं. रेव्हरंड नारायण वामन टिळकांना आपण कीर्तनात पाहिलंय, असं ती ठासून सांगे. टिळक १९१९ साली वारले तेव्हा ती पंचविशीतली असणार, म्हणजे पाहिलं असेलही. टिळकांनी अभंग-ओवीच्या वळणावर ख्रिस्ताची पदं रचली, त्यामुळे ती बाईमाणसाला जात्यावर म्हणता आली. वाचता न येणाऱ्या आमच्या पणजीला प्रभू भेटला तो असा, दळता दळता. लक्ष्मीबाई टिळकांचाही तिला भारी लळा. नवऱ्यानं १८९५ साली बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्या माउलीवर आभाळ कोसळलं. मन वळायला पुढं कितीतरी वर्षं गेली. त्यांचं आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे' वाचलेल्यांना ते ठाऊकच आहे.

पणजीलाही शांती एका दिवसात लाभली नाही. १९१८ ला मानमोडीची, म्हणजे इन्फ्लुएंझाची, साथ आली आणि आठवड्याभरात तिची दोन लेकरं गेली. त्यानंतर पुष्कळ दिवस तिनं प्रार्थनेला तोंड उघडलं नाही म्हणतात. मंडळीतल्या बाया रोज संध्याकाळी येऊन नुसत्या शेजारी बसायच्या, तिच्या वाटची प्रार्थना त्याच करायच्या. एके दिवशी तिनं आपल्या लेकरांची नावं घेतली, मग शेजारणीच्या आजारी पोराचं घेतलं, आणि तिथून पुढं तिची प्रार्थना म्हणजे नावंच झाली.

ती नावं मी ऐकलेली आहेत. जेवणं उरकली की कंदील मधे यायचा, जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधलेलं पवित्रशास्त्र सोडलं जायचं. आजोबा स्तोत्र वाचायचे. स्तोत्रसंहितेच्या पानांचे कोपरे बोटं लागून तपकिरी झालेले, त्यांना लसणाचा वास यायचा. मग पणजी सुरू करायची. गावातले आजारी, बाळंतिणी, मुंबईला गेलेली पोरं, शेजारचे मुलाणीचाचा, आमची वासरं. ज्या सावकारानं आमचा मळा गिळला, त्याचंही नाव यायचं, आणि तेव्हा आजोबांचा घसा खाकरायचा. १९७१ च्या पाकिस्तानबरोबरच्या लढाईत ती "तिकडच्या बायांच्या लेकरांसाठी" पण मागायची. आम्हा पोरांना ते रुचायचं नाही.

लगेच पुढच्या साली, १९७२ ला, पुन्हा दुष्काळ. घरातली माणसं दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची, हातात सुकडी नि मिलो, म्हणजे परदेशी लाल ज्वारी, यायची. मिलोची लाल भाकरी कुणाला गोड लागत नव्हती. तरी रात्री एक भाकरी जादाची व्हायची, येईल त्याच्यासाठी. आजी कुरकुरली तर पणजी म्हणायची, "आपुन बी अशीच कुणाच्या तरी जादाची खाल्लीय, बये." जग शांत झाल्यावर आपण शांत होऊ, असं तिला कधी वाटलंच नाही. जग तिच्या हयातीत शांत नव्हतंच. तिनं ते रोज रात्री नावानिशी प्रभूच्या हवाली केलं आणि गाढ झोपली. मला धर्मज्ञान बेताचंच, पण शांती म्हणतात ती हीच, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

तुमच्या घरात कुणी थकलेलं माणूस असेल, कुठल्याही देवाचं असो, तर निजायच्या आधी घटकाभर त्याच्याजवळ बसा. ते पुटपुटत कुणाकुणाची नावं घेतं, तेवढं ऐका आणि लिहून ठेवा.